ठेकेदाराच्या हजेरीत कोण कोण आहे?

नागपूरच्या सदर भागातल्या रेसिडेन्सी रोडवर सकाळी सहाच्या सुमारास जी माणसे कामाला लागलेली असतात, त्यांतली पुष्कळशी सार्वजनिक काम करतात आणि तरीही सरकारच्या पटावर नसतात. कचरागाडीचा चालक आणि त्याचा मदतनीस, कचेरीच्या फाटकावरचा सुरक्षारक्षक, संगणकावर नोंदी भरणारी मुलगी, जिना पुसणारी बाई. पगार ठेकेदार देतो आणि ठेकेदाराचे बिल महापालिका किंवा सरकार चुकवते. पैसा अखेर सदरच्या दुकानदाराने आणि मंगळवारी बाजारातल्या भाजीवालीने भरलेल्या कराचाच असतो.

नागपुरात ही रचना आता खोलवर रुजली आहे. २०१२च्या मार्चपासून शहराचे पाणी पंचवीस वर्षांच्या कराराने ऑरेंज सिटी वॉटर या कंपनीकडे आहे. कचरा उचलण्याचे काम २०१९च्या नोव्हेंबरात महापालिकेने दोन कंपन्यांत वाटले. पाच झोन एजी एन्व्हायरोकडे आणि मंगळवारीसह उरलेले पाच बीव्हीजी इंडियाकडे गेले. यांच्याखेरीज मनुष्यबळ पुरवणाऱ्या लहानमोठ्या एजन्सी आहेतच. काम चांगले होते की वाईट, हा इथला विषय नाही. प्रश्न त्याहून साधा आहे. ही माणसे किती आहेत, त्यांत बायका किती, दिव्यांग किती, कोणत्या समाजातली किती, कोणत्या हुद्द्यावर कोण आहे, हे नागरिकाने विचारले तर त्याला उत्तर मिळावे की नाही? आणि ज्याच्याबद्दल हे विचारले जाते त्या ठेकेदाराने काय करावे?

माहितीचा अधिकार कायदा १२ ऑक्टोबर २००५ रोजी लागू झाला. त्याच्या चौथ्या कलमानुसार प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपल्या अधिकाऱ्यांची आणि कर्मचाऱ्यांची सूची आणि प्रत्येकाचे मासिक वेतन कोणी मागण्याची वाट न पाहता प्रसिद्ध करायचे असते. म्हणजे कायम कारकुनाचा पगार जगाला दिसतो. त्याच टेबलाच्या पलीकडे तेच काम करणारी ठेक्यावरची मुलगी मात्र कुठल्याच यादीत दिसत नाही. काम ठेक्यावर गेले की त्यामागचा माणूस सार्वजनिक नोंदीतून पुसला जातो. ठेका पद्धतीच्या भल्याबुऱ्यावर आपल्याकडे पुष्कळ वाद झाले, पण तिच्या या परिणामाकडे फारसे कोणी पाहिले नाही.

नागपूरच्या सफाई कामगारांची गोष्ट इथे आठवली पाहिजे. या शहरात ‘ऐवजदार’ म्हणून ओळखला जाणारा कामगार वर्षानुवर्षे कायम कामगाराच्या बदली रोजंदारीवर झाडू मारत आला. त्यांतल्या अनेकांना पुढे कायम केले गेले, हे महापालिकेचे श्रेय. याच महापालिकेने २०१८च्या सुमारास सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएसची घड्याळे बांधली. कामगार किती वाजता हजेरी स्टँडवर आला, कोणत्या गल्लीत किती वेळ होता, नेमून दिलेल्या हद्दीबाहेर गेला का, हे सारे नियंत्रण कक्षाच्या नकाशावर ठिपक्यांच्या रूपाने दिसू लागले. हजारो माणसांचे पाऊल न् पाऊल मोजण्याची यंत्रणा एका शहराला उभी करता येते, तर त्या माणसांत बायका किती आणि त्यांतल्या किती जणी जमादार झाल्या, ही बेरीज करणे अवघड आहे असे कोणालाच म्हणता येणार नाही.

मग अडते कुठे?

अडते ते माहिती अधिकार कायद्याच्याच दोन कलमांवर. कलम ८(१)(घ) व्यापारी गुपितांना संरक्षण देते आणि ८(१)(ञ) व्यक्तिगत माहितीला. दोन्ही कलमे गरजेची आहेत, पण दोन्ही वाटेल तिथे वापरली जातात. ठेकेदाराचा पहिला आक्षेप बहुधा असा असतो की माणसांची संख्या कळली तर प्रतिस्पर्ध्याला आपला दर कळेल. पण किमान वेतनाचे दर शासन राजपत्रात छापते. किती माणसे लावायची हे बहुतेक निविदांच्या अटींतच लिहिलेले असते. मनुष्यबळाच्या ठेक्यात बिल निघते तेच मुळी माणसे गुणिले दर या हिशेबाने. जी संख्या लावून सार्वजनिक तिजोरीतून पैसे घेतले, ती संख्या गुपित कशी ठरेल? नफ्याचे प्रमाण, गाड्यांच्या मार्गांची आखणी, स्वतः तयार केलेली संगणक प्रणाली या गोष्टी गुपित असू शकतात. त्या जरूर राखाव्यात.

शिवाय ही माहिती याआधीही सरकारदरबारी जात होतीच. १९७०च्या कंत्राटी कामगार कायद्याखालच्या केंद्रीय नियमांत ठेकेदाराने सहामाही विवरणपत्र भरायचे होते आणि त्यात पुरुष किती, स्त्रिया किती, असे रकाने होते. भविष्य निर्वाह निधीच्या मासिक चलानात प्रत्येक कामगार मोजला जातो, आणि कोणत्या आस्थापनेने कोणत्या महिन्यात किती जणांचे पैसे भरले हे निधी संघटनेच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. भांडवली बाजारात नोंदणी झालेल्या पहिल्या हजार कंपन्यांना सेबीने २०२२-२३पासून शाश्वततेचा अहवाल सक्तीचा केला. कायम आणि इतर कामगार, त्यांतले स्त्री-पुरुष, दिव्यांग असे तक्ते त्यात छापावे लागतात. ज्या आकड्यांना बडे उद्योग आपल्या वार्षिक अहवालात जागा देतात, ते एखाद्या सफाईच्या ठेक्यात व्यापारी गुपित ठरावेत, हे पटण्यासारखे नाही.

व्यक्तिगत माहितीचे कलम अधिक नाजूक आहे. या बाबतीत देशभर दाखला म्हणून वापरला जाणारा निकाल विदर्भातल्या एका अर्जातून निघाला. भविष्य निर्वाह निधीच्या अकोला कार्यालयात काम केलेल्या एका अधिकाऱ्याची सेवाविषयक आणि मालमत्तेची माहिती गिरीश देशपांडे यांनी २००८ साली मागितली होती. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि ऑक्टोबर २०१२मध्ये न्यायालयाने ती माहिती व्यक्तिगत ठरवली. तेव्हापासून माहिती नाकारणाऱ्या पत्रांत या निकालाचा हवाला येतो. त्यानंतर २०२३च्या व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्याने कलम ८(१)(ञ) आणखी घट्ट केले. पूर्वी त्या कलमातच व्यापक जनहिताचा अपवाद होता, तो गेला. हा बदल नोव्हेंबर २०२५मध्ये अंमलात आला. कलम ८(२)मधला जनहिताचा सर्वसाधारण अपवाद शिल्लक आहे, एवढाच आधार उरला.

पण या निकालाने किंवा या दुरुस्तीने बेरजेला हात लावलेला नाही. नवा कायदा ज्या माहितीला संरक्षण देतो, ती ओळखता येण्याजोग्या व्यक्तीची माहिती. ‘मंगळवारी झोनमध्ये ठेक्यावरच्या सफाई कामगारांत इतक्या स्त्रिया आहेत’ या वाक्यात कोणीही व्यक्ती ओळखू येत नाही. उलट हजेरीपत्रकाची छायाप्रत दिली, तर त्यावर नाव, आधार क्रमांक, बँक खाते, मोबाइल सगळेच असते. आजवरचा अनुभव असा की कधी अर्ज सरसकट फेटाळला जातो, आणि कधी हजेरीपत्रकाचा गठ्ठा जसाच्या तसा अर्जदाराच्या हाती दिला जातो. पहिल्यात नागरिकाचे नुकसान आहे, दुसऱ्यात कामगाराचे. ठेक्यावरच्या एकट्या बाईचा मोबाइल क्रमांक अनोळखी माणसाच्या हाती पडणे ही किरकोळ गोष्ट मुळीच नाही. माहिती अधिकार कायद्याच्या दहाव्या कलमात यावरचा मार्ग आहे: झाकण्याजोगा भाग झाकून उरलेली माहिती द्यावी.

आता ठेकेदाराने काय करावे? कलम ११मध्ये त्याची बाजू ऐकण्याची सोय आहे. त्याने गोपनीय म्हणून दिलेली माहिती कोणी मागितली, तर जनमाहिती अधिकाऱ्याने अर्ज मिळाल्यापासून पाच दिवसांत त्याला नोटीस द्यायची असते. नोटीस मिळाल्यापासून दहा दिवसांत ठेकेदाराने म्हणणे मांडायचे, आणि अर्जापासून चाळीस दिवसांत निर्णय व्हायचा. हे दहा दिवस फार मोलाचे आहेत. पण बरेच ठेकेदार एकतर गप्प बसतात, नाहीतर वकिलाकडून ‘आमची कोणतीही माहिती देऊ नये’ असे दोन ओळींचे पत्र पाठवून मोकळे होतात. त्या पत्राने काहीच साधत नाही. कोणता रकाना उघड झाला तर कोणते नुकसान होईल, हे रकानानिहाय सांगितले पाहिजे. बाकीचे द्यायला हरकत नाही, असेही त्याच पत्रात लिहिले पाहिजे. त्याहून शहाणपणाचे म्हणजे दर सहा महिन्यांनी एक पानाचा तक्ता तयार ठेवावा: हुद्दा, स्त्री, पुरुष, दिव्यांग, वयोगट. एखाद्या चौकटीत एकदोनच माणसे असतील, तर ती चौकट शेजारच्या चौकटीत मिळवावी. एखाद्या झोनमध्ये एकच महिला चालक असेल, तर ‘महिला चालक: १’ हा आकडा म्हणजे तिचे नावच होय.

अमेरिकेत याच प्रश्नावर गेली काही वर्षे मोठा झगडा झाला. १९६५ साली अध्यक्ष जॉन्सन यांनी काढलेल्या आदेशामुळे सरकारी ठेकेदारांवर भेदभाव न करण्याचे बंधन आले, आणि स्त्री-पुरुष, वंश आणि हुद्दा यांनुसार कामगारांचे आकडे सरकारला देण्याची पद्धत पडली. शोधपत्रकारिता करणाऱ्या एका संस्थेने हे आकडे मागायला सुरुवात केली. ऑगस्ट २०२२मध्ये तिथल्या कामगार खात्याने राजपत्रात सूचना छापून हजारो ठेकेदारांकडून आक्षेप मागितले. मोघम नकार चालणार नव्हता; ही माहिती तुम्ही एरवी गुप्त ठेवता का, उघड झाली तर नेमके काय बिघडेल, असे प्रश्नच त्यांना विचारले होते. हजारो कंपन्यांनी आक्षेप घेतले. जुलै २०२५मध्ये अपील न्यायालयाने म्हटले की कामगारांच्या घटकांचे हे आकडे मुळात व्यापारी स्वरूपाची माहितीच नाहीत. मूळ आदेश त्याआधीच, जानेवारी २०२५मध्ये, अध्यक्ष ट्रम्प यांनी रद्द केला होता. आपल्याला त्या देशाचे अनुकरण करायचे नाही, पण तिथल्या प्रश्नावलीतली नेमकेपणाची सक्ती आपल्या कलम ११च्या नोटिशीत यायला हवी.

आपल्याकडे एक प्रश्न त्याहून अवघड आहे, तो जातीचा. ठेकेदाराच्या हजेरीपत्रकात जातीचा रकाना नसतो. सर्वोच्च न्यायालयाने २०११मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे की नोंदीत असलेली माहितीच द्यायची असते, नवी तयार करून देण्याचे बंधन नाही. म्हणून ‘उपलब्ध नाही’ हे उत्तर कायद्याने बरोबर ठरते. पण कायम पदांना बिंदुनामावली लागते, आरक्षण लागते. तेच काम ठेक्यावर गेले की दोन्ही सुटतात, आणि सुटले हे दाखवणारा कागदही उरत नाही. महाराष्ट्र शासनाने ६ सप्टेंबर २०२३ रोजी नऊ एजन्सींमार्फत मनुष्यबळ घेण्याचा निर्णय काढला, तेव्हा राज्यभर तरुण रस्त्यावर उतरले आणि ऑक्टोबरात तो रद्द करावा लागला. त्या संतापात नोकरीच्या शाश्वतीइतकीच ही आरक्षणाची चिंताही होती. कर्नाटकाने २०२४मध्ये बाह्यस्रोताच्या नोकऱ्यांतही आरक्षण लागू करण्याचा आदेश काढला, तो याच कारणाने.

आणि जिथे मोजणी झाली, तिथे जे दिसले ते फार गंभीर होते. केंद्राच्या ‘नमस्ते’ योजनेत गटारे आणि सेप्टिक टाक्या साफ करणाऱ्या सुमारे ३८ हजार कामगारांची नोंद झाली. २०२४मध्ये बाहेर आलेल्या त्या आकड्यांनुसार त्यांतले ६८.९ टक्के अनुसूचित जातींचे होते. जमाती आणि इतर मागासवर्ग मिळवले तर प्रमाण जवळजवळ ९२ टक्के. सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट सरकारी आकड्यांत उतरली की तिच्यावर संसदेत प्रश्न विचारता येतो, अंदाजपत्रकात तरतूद मागता येते. म्हणून सामाजिक गटाचा रकाना असावा. मात्र तो कामगाराने स्वेच्छेने भरावा, मुकादमाने आडनावावरून ठरवू नये, आणि त्याची फक्त बेरीज बाहेर जावी. जातीचा रकाना मुकादमाच्या हाती असला, तर कोणाला कोणते काम द्यायचे ते त्यावरून ठरायला वेळ लागणार नाही.

मोजणी टाळल्याने काय होते, हे मुंबईने पाहिले आहे. तिथल्या महापालिकेची साफसफाई लहान लहान ठेक्यांत तोडून दिलेली होती. प्रत्येक ठेकेदाराकडे वीसपेक्षा कमी माणसे दाखवायची म्हणजे कंत्राटी कामगार कायदा लागूच होत नाही, असे हे डावपेच असल्याचे कचरा वाहतूक श्रमिक संघाचे म्हणणे होते. संघाने माणसे गोळा केली, त्यांच्या नोंदी जमवल्या आणि औद्योगिक न्यायाधिकरणापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढा दिला. ७ एप्रिल २०१७ रोजी २,७०० कामगारांना कायम करण्याचा आदेश टिकला. एखादे महानगर ज्यांच्या हातांनी रोज स्वच्छ होते, ती माणसे अस्तित्वात आहेत हे सिद्ध करायला दहा वर्षे कोर्टात जावीत, हे लाजिरवाणे आहे. महाराष्ट्राने वीसचा तो उंबरठा पन्नासावर नेला, आणि २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झालेल्या केंद्राच्या नव्या श्रम संहितेतही तो पन्नासच आहे. म्हणजे कायद्याच्या नजरेबाहेर राहू शकणारे ठेके वाढले. कायद्याची नोंद आखडत असेल, तर नागरिकाच्या अर्जाचे वजन वाढते.

महापालिकेला यासाठी नव्या कायद्याची वाट पाहायची गरज नाही. निविदेच्या अटींत एक अट घालावी: निनावी सहामाही तक्ता देणे ठेकेदारावर बंधनकारक राहील, तो संकेतस्थळावर टाकला जाईल, आणि त्याबद्दल गोपनीयतेचा दावा करता येणार नाही. निविदा भरतानाच अट मान्य केली की पुढे नोटीस आणि अपील यांचा प्रश्नच उरत नाही. प्रामाणिक ठेकेदारालाही यात फायदाच आहे, कारण कागदावर शंभर माणसे दाखवून सत्तरांकडून काम करून घेणारा त्याचा प्रतिस्पर्धी उघडा पडतो.

तोवर नागरिकांच्या हाती दहा रुपयांचा अर्ज आहे. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे तो दीडशे शब्दांत आणि एकाच विषयावर लिहायचा असतो; कारण सांगावे लागत नाही. सदरच्या रहिवाशांनी तो आपापल्या झोन कार्यालयात द्यावा. त्यात कोणाचेही नाव, आधार किंवा मोबाइल मागू नये. गेल्या सहा महिन्यांत आपल्या झोनमध्ये ठेक्यावर एकूण किती माणसे होती, हुद्द्यानुसार स्त्री-पुरुष किती, दिव्यांग किती, आणि किती जणांचा भविष्य निर्वाह निधी भरला, एवढेच विचारावे. उत्तर तीस दिवसांत आले नाही, तर प्रथम अपील जरूर करावे.