बिऱ्हाडकरूचा हिशोब

लंडन आणि व्हिएन्ना या दोन शहरांतून एकाच वेळी नोकरीचं बोलावणं आलेला माणूस सगळ्यात आधी काय करतो, हे जवळजवळ ठरलेलं आहे. तो दोन रकाने आखतो. एकात पौंड, दुसऱ्यात युरो. घरभाडं, वाणसामान, वीज, प्रवास, मुलांचं पाळणाघर. खाली बेरीज, वर पगार आणि दोहोंची वजाबाकी. जिथे शिल्लक जास्त, तिकडे बिऱ्हाड हलवायचं. या हिशोबाच्या अंकगणितात सहसा चूक सापडत नाही. चूक असते ती रकाने आखण्याआधीच मनात धरलेल्या एका गृहीतकात. दोन्ही शहरांत राहणारा माणूस एकच आहे, आणि दोन्हीकडे तो एकच गोष्ट विकत घेतो आहे, असं आपण न बोलता मान्य केलेलं असतं. त्या गोष्टीला आपण ‘राहणी’ म्हणतो आणि तिचा भाव विचारतो. पण राहणीला बाजारातल्या मालासारखा भाव असतो का? मला वाटतं, नसतो. खर्चाचा तो आकडा शहर आणि आपण यांच्यातल्या नात्याचा असतो, आणि नातं काय आहे हे ठरवल्याशिवाय काढलेला आकडा कितीही अचूक असला तरी तो न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर असतो.

हा पेच नवा नाही. ॲरिस्टॉटलने नीतिशास्त्रावरच्या ग्रंथाच्या पाचव्या भागात घर बांधणारा आणि जोडे शिवणारा यांच्यातल्या देवाणघेवाणीचा विचार केला आहे. एका घराचे किती जोडे? दोन्ही वस्तू इतक्या वेगळ्या जातीच्या, की त्यांना खऱ्या अर्थाने एका मापात बसवता येत नाही, असं तो मान्य करतो. मात्र माणसाच्या गरजेच्या संदर्भात त्या कामापुरत्या एका मापात येतात, आणि पैसा हा त्या गरजेचा सर्वांनी मान्य केलेला प्रतिनिधी. म्हणजे माप वस्तूत नाही, गरजेत आहे. विसाव्या शतकातलं अर्थशास्त्र वेगळ्या वाटेने त्याच उंबरठ्याशी आलं. रशियन अर्थशास्त्रज्ञ कोन्यूस याने १९२४ मध्ये राहणीखर्चाच्या खऱ्या निर्देशांकाची व्याख्या मांडली: भाव बदलल्यावर माणसाला पूर्वीइतकंच समाधान राखायला किती पैसे लागतील, ते मोजायचं. व्याख्या चोख आहे, पण तिला एक अट चिकटलेली आहे. समाधान कशात मानायचं, हे मधल्या काळात बदलता कामा नये. एकाच गावात या वर्षीची आणि गेल्या वर्षीची तुलना करताना ही अट चालून जाते. बिऱ्हाड दुसऱ्या देशात गेलं की ती कोलमडते, कारण शहर माणसाला वस्तू पुरवतं तसंच त्याच्या गरजाही घडवतं.

आपल्याकडे या प्रश्नाला साजेसा एक शब्द फार जुना आहे: योगक्षेम. गीतेच्या नवव्या अध्यायातला हा शब्द आयुर्विमा महामंडळाच्या बोधवाक्यामुळे घरोघरी पोचला. महामंडळाच्या मुंबईतल्या मुख्यालयाचं नावही तेच. शंकराचार्यांच्या भाष्यात त्याची साधी फोड आहे. जे हाती नाही ते मिळणं म्हणजे योग, आणि जे मिळालं ते राखलं जाणं म्हणजे क्षेम. विमा विकणाऱ्या संस्थेने हा शब्द उचलावा यात औचित्य आहे, कारण मिळवणं माणूस एकट्याने करू शकतो, राखणं मात्र बहुधा अनेकांनी मिळून करावं लागतं. दोन रकान्यांचा हिशोब योगाचा असतो: किती मिळेल, त्यातलं किती उरेल. क्षेमाचा रकानाच त्यात नसतो. आजारी पडलो तर, घरमालकाने घर सोडायला सांगितलं तर, नोकरी गेली तर, म्हातारपण तिथेच आलं तर, या प्रश्नांना दरमहा भाव नसतो. म्हणून ते बेरजेत येत नाहीत; आणि बेरजेत आले नाहीत म्हणून ते फुकट आहेत असं वाटायला लागतं.

व्हिएन्ना आणि लंडन यांच्या भावांत खरा फरक इथेच आहे. लंडनमध्ये खाजगी घराचं सरासरी भाडं २०२५ मध्ये महिन्याला २,२०० पौंडांच्या वर गेलं. व्हिएन्नात सारख्या घराला त्याहून बरंच कमी पडतं. हा बाजाराचा चमत्कार नाही. पहिल्या महायुद्धानंतर व्हिएन्नाची सत्ता सोशल डेमोक्रॅट पक्षाकडे आली, आणि १९२३ मध्ये अर्थप्रमुख हुगो ब्राइटनर यांनी घरांवर चढत्या दराचा कर बसवला: घर जितकं आलिशान, तितका कर जड. त्या पैशातून १९३४ पर्यंत साठ हजारांहून जास्त पालिकेची घरं उभी राहिली. एक किलोमीटरहून लांब पसरलेली कार्ल मार्क्स होफ ही वसाहत त्यातलीच. पुढेही शहर बांधत राहिलं आणि बांधलेलं विकलं नाही; आज पालिकेच्या मालकीची सुमारे दोन लाख वीस हजार घरं आहेत. लंडननेही हीच वाट धरली होती. तिथली बाउंडरी इस्टेट ही कौन्सिलची वसाहत १९०० मध्येच खुली झाली होती. पण १९८० च्या कायद्याने भाडेकरूंना राहती घरं सवलतीत विकत घ्यायचा हक्क मिळाला आणि इंग्लंडभर जवळपास वीस लाख घरं सार्वजनिक मालकीतून गेली. १९८८ च्या कायद्याने नव्या खाजगी भाडेकरारांवरचं नियंत्रणही उठलं. तेव्हा आज दिसणारं भाडं हा एका जुन्या सार्वजनिक निर्णयाचा उतारा आहे. व्हिएन्नात कुणी स्वस्तात राहतो, कारण आधी कुणीतरी जड कर भरला. लंडनमध्ये कुणी महागात राहतो, कारण आधी कुणालातरी घर स्वस्तात मिळालं.

इथवरच्या विवेचनावरून व्हिएन्ना क्षेमाचं शहर आणि लंडन योगाचं, असा निकाल काढायचा मोह होईल. तो टाळायला हवा, कारण नवा आलेला माणूस या ठेव्याचा वारस नसतो. व्हिएन्नात पालिकेचं घर मिळायला एकाच पत्त्यावर दोन वर्षांचं वास्तव्य लागतं, आणि युरोपीय संघाबाहेरून आलेल्याला त्याआधी दीर्घकालीन वास्तव्याचा परवाना, जो साधारण पाच वर्षांनी मिळतो. तोवर तो खाजगी बाजारात, बहुधा मुदतीच्या करारावर, बिऱ्हाडकरू असतो. काही दारं मात्र पहिल्या दिवसापासून उघडी असतात. पगारातून आरोग्यविम्याचा हप्ता कापला जातो आणि मुलं त्याच विम्यात वेगळा हप्ता न भरता येतात. बालवाडी २००९ पासून शुल्कमुक्त आहे, जेवणाचे पैसे तेवढे द्यावे लागतात. लंडनमध्ये उलट. सरकारी आरोग्यसेवा दारात पैसे मागत नाही हे खरं, पण ते पैसे व्हिसा घेतानाच एकरकमी भरावे लागतात: २०२४ पासून दर वर्षी प्रौढाला १,०३५ पौंड, मुलाला ७७६. दोन प्रौढ, दोन मुलं आणि पाच वर्षांचा व्हिसा धरला तर ही रक्कम १८,११० पौंड होते. कंपनी ती भरत नसेल, तर मासिक खर्चाच्या कोणत्याही तक्त्यात ती दिसणार नाही, कारण ती कोणत्याच महिन्याची नाही. आणि तरीही लंडन एक गोष्ट देतं, जी व्हिएन्ना देत नाही. वैध परवान्यावर राहणारा भारतीय माणूस राष्ट्रकुलाचा नागरिक म्हणून ब्रिटिश संसदेच्या निवडणुकीत मत देऊ शकतो. व्हिएन्नात त्याला ऑस्ट्रियाचं नागरिकत्व मिळेपर्यंत, म्हणजे सर्वसाधारणपणे दहा वर्षं, शहराच्या कारभारातही मत नाही. एका शहरात छपराचा आधार जास्त, दुसऱ्यात आवाजाला वाव जास्त. या दोहोंची वजाबाकी कोणत्या चलनात करायची?

यावर पहिला आक्षेप व्यवहारी माणसाचा असेल, आणि तो रास्त आहे. कंपनीला पगार ठरवायचा असतो, घरी हप्ते चालू असतात, महिन्याच्या शेवटी आकडाच कामाला येतो. खरं आहे. पण असे तक्ते मुळात कुणासाठी तयार झाले, हे पाहिलं की त्यांची मर्यादाही दिसते. मर्सरसारख्या सल्लागार संस्था न्यूयॉर्क शंभर धरून शहरोशहरीच्या दोनशेहून जास्त वस्तू आणि सेवांचे भाव काढतात, ते परदेशी पाठवलेल्या कर्मचाऱ्याचा भत्ता ठरवण्यासाठी. त्या तक्त्यातला माणूस आपली टोपली बरोबर घेऊन फिरतो. त्याचं खरं घर दुसरीकडे आहे, आणि दोन-तीन वर्षांनी तो परत जाणार आहे. त्याला नव्या शहराच्या सवयी लागत नाहीत आणि त्याचा क्षेम मूळच्या देशात सांभाळला जातो. हा पाहुण्याचा हिशोब आहे आणि पाहुण्यापुरता तो बरोबरच आहे. घोटाळा होतो तो रहिवासी व्हायला निघालेल्या माणसाने तोच तक्ता हाती घेतल्यावर.

दुसरा आक्षेप जास्त चलाख आहे. क्षेमाचा रकाना नाही म्हणता, तर घालू या. सुरक्षितता, आरोग्य, शिक्षण यांनाही गुण देऊ आणि बेरजेत धरू. तसं केलंही गेलं आहे. इकॉनॉमिस्ट इंटेलिजन्स युनिटच्या राहण्यायोग्य शहरांच्या यादीत व्हिएन्ना २०२२ ते २०२४ सलग तीन वर्षं पहिली होती. या यादीत स्थैर्याला पंचवीस टक्के वजन आहे, संस्कृती आणि पर्यावरणाला पंचवीस, आरोग्यसेवेला वीस, पायाभूत सुविधांना वीस आणि शिक्षणाला दहा. दोन शाळकरी मुलांच्या आईबापांना शिक्षण शंभरात दहाच भरेल का? आणि एकट्या माणसाला ते दहा तरी का भरावं? वजनं कुणीतरी ठरवलेली आहेत, आणि ती ठरवणं म्हणजेच चांगलं जगणं कशाला म्हणायचं हे ठरवणं. आकड्यांनी तो प्रश्न सोडवला नाही. फक्त आपल्या वतीने परस्पर सोडवून पडद्याआड ठेवला. शिवाय यादीत कोणता गुण नवागताला लागू आणि कोणता नाही, असा भेद होऊच शकत नाही; यादी शहराला गुण देते, शहरातल्या आपल्या जागेला नाही.

तिसरा आक्षेप नेमका उलट बाजूने येतो. मग तुलना अशक्यच म्हणायची, ज्याची त्याची आवड म्हणून सोडून द्यायचं? तसंही नाही. एका मापात न बसणाऱ्या गोष्टींची तुलना करता येत नाही, असा नियम नाही. फक्त ती बेरजेने करता येत नाही. ॲडम स्मिथने १७७६ च्या ग्रंथात तागाच्या सदऱ्याचं उदाहरण दिलं आहे. सदरा जगायला लागत नाही, पण त्याच्या काळात त्याशिवाय मजुरालाही चारचौघांत जायची लाज वाटे, म्हणून तो गरजेच्या वस्तूंत मोडतो. अमर्त्य सेन यांनी यातून एक मोलाची गोष्ट वर काढली: समाजात ताठ मानेने वावरता येणं ही क्षमता सगळीकडे एकच, पण तिला लागणारी वस्तू जागोजाग वेगळी. हे माप लावून पाहा. व्हिएन्नात सुमारे तीन चतुर्थांश कुटुंबं भाड्याने राहतात. तिथे जन्मभर भाड्याने राहण्यात कमीपणा नाही. लंडनमध्ये मालकीचं घर ही शिडीची पहिली पायरी मानली जाते आणि ती न चढलेला माणूस मागे राहिला असं समजतात. म्हणजे स्थिरावल्याचं समाधान एका शहरात भाडेकराराने मिळतं आणि दुसऱ्यात कर्जाने. उलट मराठी कुटुंबाला आपल्या भाषेत सण साजरा करता येणं हीही एक क्षमताच. तिला लंडनमध्ये १९३२ पासूनच्या महाराष्ट्र मंडळाचा आधार तयार आहे. तुलना अशी करता येते, ठामपणे करता येते. फक्त आधी कोणती क्षमता, हे सांगावं लागतं.

आणि ते सांगायला सगळ्यात आधी एक साधी गोष्ट ठरवावी लागते: किती वर्षं. तीन वर्षांसाठी जाणाऱ्याने दोन रकाने खुशाल आखावेत. त्याचा योग तिथे, क्षेम इथे, आणि तक्ता त्याला फारसा फसवणार नाही. पंधरा वर्षांसाठी जाणाऱ्याचा तक्ता मात्र पहिल्या ओळीपासून बदलतो. पाच वर्षांनी उघडणारं घराचं दार, दहा वर्षांनी मिळणारं किंवा आल्याबरोबर मिळणारं मत, मुलांची भाषा, आपलं म्हातारपण, या सगळ्यांना त्याच्यासाठी किंमत आहे. व्हिएन्नात २०१२ पासून २०२५ पर्यंत वर्षभराचा सार्वजनिक प्रवास ३६५ युरोंत होत असे आणि २०२६ पासून तो महागला, ही पाहुण्यासाठी खर्चाची बातमी. रहिवाशासाठी तो शहराने आपल्याबद्दल घेतलेला निर्णय, ज्यावर त्याला बोलायचं असतं. भाव ऐकून घेणारा तो बिऱ्हाडकरू. भाव ठरवण्यात ज्याला आपला वाटा हवासा वाटतो, तो रहिवासी. यांपैकी आपल्याला कोण व्हायचं आहे, याचं उत्तर कोणताही निर्देशांक देणार नाही. पण ते उत्तर हाती असेल तर निर्देशांकही कामाला येईल.