मर्यादवेल

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥



गेल्या आषाढात आमच्या मातोश्री कैलासवासी झाल्या. आपल्यापैकी अनेक कुटुंबांनी समाचारास येऊन आमचे सांत्वन केले. त्या ऋणाचे स्मरण ठेवून हे चार शब्द लिहीत आहोत. पुजाऱ्याच्या घरी जन्म झाला एवढाच आमचा अधिकार. शिक्षण शाळेपुरते, आणि वयही उपदेश करण्याचे नव्हे. तेव्हा यात काही उणे आढळल्यास ते आमचे, आणि काही पटल्यास ते श्रीगुरूंचे, असे मानावे.

मातोश्रींचा एक नेम होता. पहाटे स्नान झाले की वेताची परडी घेऊन त्या परसात जात आणि जास्वंद, तगर, कण्हेर, पारिजात अशी फुले देवासाठी वेचून आणीत. सुतक फिटल्यावर तीर्थरूप वडील पुन्हा पूजेस बसू लागले, परंतु परडीस हात लावण्याचे धैर्य आम्हांस होईना. ती खुंटीवर तशीच राहिली. आम्ही बाजारातून प्लॅस्टिकच्या पिशवीत फुले आणून देवापुढे ठेवू लागलो. परसातील फुले झाडावर उमलत आणि झाडाखाली गळून जात. वडील पाहत, पण बोलत नसत.

मातोश्रींची एक इच्छा राहून गेली होती. आमच्या घरी श्रीगुरुचरित्राचा सप्ताह होई. वडील वाचीत, त्या ऐकत. सहाव्या आणि सातव्या अध्यायांत गोकर्णाचे माहात्म्य आले की त्या दरवर्षी म्हणत, ‘एकदा समुद्र पाहावा.’ बीदर जिल्ह्यात जन्मलेल्या आणि कलबुर्गीपलीकडे क्वचितच गेलेल्या त्या माउलीस समुद्राचे दर्शन घडले नाही. म्हणून वडिलांनी अस्थी गोकर्णास नेण्याचे ठरविले. पावसाचा जोर ओसरेपर्यंत अस्थिकलश शेतातील पिंपळास बांधून ठेवला होता. भाद्रपदात भाड्याची जीप करून वडील, मामा, धाकटी बहीण आणि आम्ही निघालो. पाचशे किलोमीटरांहून अधिक प्रवास होता. कलश आमच्या मांडीवर होता.

पहिला मुक्काम गाणगापूरचा. भीमा आणि अमरजा यांच्या संगमावर मामा म्हणाले, ‘येथेच विसर्जन केले तरी शास्त्राला बाध नाही.’ खरे सांगावयाचे तर आम्हांसही तसेच वाटले. समुद्र पाहण्याची इच्छा जिची होती तीच नाही, मग इतक्या दूर जाण्यात अर्थ कोणता? वडील एवढेच म्हणाले, ‘तिने सांगितले होते.’ दुसऱ्या दिवशी विजयपूर, हुबळी, यल्लापूर करीत अरबैल घाट उतरून अंधार पडता पडता गोकर्णास पोचलो.

गोकर्णाची कथा आपणांस ठाऊकच आहे. रावणाची माता शिवलिंगाचे पूजन करीत असे. तिच्यासाठी रावणाने तप करून शंकरांकडून प्रत्यक्ष आत्मलिंग मिळविले. अट एकच, की वाटेत ते भूमीवर ठेवावयाचे नाही. संध्येची वेळ झाली तेव्हा त्याने ते बटुरूपी गणेशाच्या हाती दिले. गणेशाने तीन हाका मारल्या आणि लिंग भूमीवर ठेविले. रावण धावत आला, त्याने सर्व बळ लावून ते ओढले. लिंग उपटले नाही, फक्त पिळले जाऊन गायीच्या कानासारखे झाले. म्हणून क्षेत्राचे नाव गोकर्ण आणि देवाचे नाव महाबळेश्वर.

ही कथा आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. परंतु दुसऱ्या दिवशी सकाळी विधिपूर्वक विसर्जन झाले, कलश रिता झाला आणि हात हलके झाले, तेव्हा ती प्रथमच अंगास झोंबली. रावणाची मातृभक्ती खोटी नव्हती. पण जे एकदा ईश्वराच्या भूमीवर ठेवले गेले ते तो ओढीत राहिला. आम्ही दोन महिने दुसरे काय करीत होतो? कलश समुद्रात रिता झाला होता, पण मनातील कलश आम्ही अद्याप मांडीवरच घेऊन बसलो होतो.

त्या रात्री झोप आली नाही. उजाडण्यापूर्वी वडिलांनी हाक मारली, ‘बाळ, चल, थोडे चालून येऊ.’ गावाच्या किनाऱ्याच्या दक्षिण टोकास पायऱ्या चढून गेले की श्रीरामाचे मंदिर आहे आणि तेथे खडकातून झऱ्याचे पाणी येते. तेथून वर सड्यावर आलो. सडा म्हणजे जांभ्या दगडाचे उघडे पठार. आपल्या बीदरचा तांबडा माळ ज्या दगडाचा, त्याच जातीचा हा दगड. झरणी नृसिंहाचे भुयार त्याच दगडात आहे आणि नानक झिऱ्याचे पाणी त्याच दगडातून येते. वरून कोरडा दिसणारा हा पाषाण पोटात पाणी धरून असतो.

त्या खडकावर, जेथे बोटभरही माती नाही, तेथे निळ्या-जांभळ्या फुलांचा सडा पडलेला होता. एकेक फूल नखाएवढे, त्यावर दंव. कडेला गुलाबी तेरडा होता, झुडपात लाल-पिवळी कळलावी होती. ही फुले कोणी लाविली नव्हती आणि त्यांस वेचावयासही कोणी येणार नव्हते. मातोश्रींच्या नावाने समुद्रास वाहावीत म्हणून आम्ही वाकलो, तोच वडील म्हणाले, ‘राहू दे. ती वाहिलेलीच आहेत.’ आणि तेथेच खडकावर बसून ते रडले. दोन महिन्यांत आम्ही त्यांस रडताना पाहिले ते त्या दिवशी.

पलीकडे उतरून कुडले नावाच्या किनाऱ्यावर गेलो. भरतीचे पाणी जेथपर्यंत पोचते, त्या रेषेच्या वर वाळूत एक वेल दूरवर पसरली होती. पाने आपट्यासारखी दुभंगलेली, फुले जांभळट गुलाबी, भोंग्यासारखी. मुक्कामाच्या घरी परत आल्यावर उपाध्यायांच्या वृद्ध मातोश्रींस या फुलांविषयी विचारले. त्यांचे माहेर रत्नागिरीकडचे. त्यांनी सांगितले, ‘खडकावरची ती सीतेची आसवे. आणि वाळूतली ती मर्यादवेल. समुद्र येतो, तिला भिजवतो, परत जातो. ती आपली जागा सोडीत नाही.’

सद्भक्तहो, या दोन नावांत आम्हांस जे मिळाले ते आपणांपुढे ठेवीत आहोत.

सीतेची आसवे ही वनस्पती नापीक खडकावर वाढते. जमिनीत पोषण नाही, म्हणून ओलाव्यातील अतिसूक्ष्म जीव आपल्या बारीक पिशव्यांत टिपून ती जगते. साताऱ्याजवळच्या कासच्या पठारावरही तिचे निळे गालिचे पसरतात. ज्यास आपण वैराण म्हणतो तेथेच ती फुलते, आणि लोकांनी तिला नाव दिले ते अश्रूंचे. समाचारास येणारे प्रेमाने म्हणतात, ‘रडू नये, जाणाऱ्यास त्रास होतो.’ परंतु सीताहरणानंतर प्रत्यक्ष प्रभू रामचंद्र वनातील वृक्षांस सीतेचा ठाव विचारीत विलाप करीत फिरले, असे वाल्मीकींनी वर्णिले आहे. जे रामास लांछन नाही ते आपणांस कसे असेल? रडणे म्हणजे अश्रद्धा नव्हे.

तथापि मर्यादवेलीचा बोध त्याच्या पुढचा आहे. ही वेल समुद्रास अडवीत नाही. ती पेरापेराशी मुळे सोडते आणि पायाखालची वाळू धरून ठेवते. तिच्यामुळे किनारा वाहून जात नाही. तिचे फूल सकाळी उमलते आणि दिवस संपण्यापूर्वी मिटते, दुसऱ्या सकाळी दुसरे उमलते. आपल्या पूर्वजांनी दहा दिवसांचे सुतक, तेरावा, मासिक आणि वर्षश्राद्ध नेमून दिले, ते शोकास दाबण्यासाठी नव्हे. ही त्या वेलीची पेरे आहेत. शोकाची भरती यावी, तिने भिजवावे; पण घराची वाळू, म्हणजे नित्यकर्म, देवपूजा, लहानांचे संगोपन, वडीलधाऱ्यांची विचारपूस, तिने वाहून नेऊ नये. ज्या शोकाने देवाची परडी खुंटीवर राहिली आणि शेजारी बसलेल्या वडिलांचे दुःख आम्हांस दिसले नाही, तो आमचा शोक मर्यादा ओलांडून गेला होता, हे येथे कबूल केले पाहिजे.

सर्वांसच समुद्रापर्यंत जाणे घडत नाही, आणि त्याची आवश्यकताही नाही. आपल्या शेताच्या बांधावर तरवड पिवळा होतो, पडीक रानात कुरडूचे तुरे डोलतात, रस्त्याच्या कडेला रुई फुलते. शेजारच्या तेलंगणात मायभगिनी बतुकम्मा रचतात ती याच तरवडाची आणि कुरडूची. नऊ दिवस तिच्याभोवती गाणी म्हणतात आणि शेवटी तिला पाण्यात सोडतात. आधी रचावे, पूजावे, मग सोडावे, हे त्या मायभगिनींस पोथीवाचून ठाऊक आहे. ज्या घरात दुःख आहे त्यांनी पहाटे घराबाहेर पडून या रानफुलांपर्यंत चालत जावे. एकट्याने जाऊ नये. घरात जो सर्वांत गप्प असेल, त्यास बरोबर न्यावे.

परत आल्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही परडी खुंटीवरून काढली. तिच्या तळाशी पारिजाताची सुकलेली देठे चिकटली होती. ती तुळशीच्या मुळाशी ठेविली आणि परसात गेलो. डोळे भरून आले, हात मात्र थांबला नाही.

श्रीदत्तगुरू सर्व दुःखितांस असेच बळ देवोत, हीच चरणी प्रार्थना.

॥ शुभं भवतु ॥