घसारा

लग्नात घेतलेल्या आमच्या फ्रिजने विसाव्या वर्षी गारवा सोडला. घरघर तेवढी राखली. मेकॅनिक म्हणाला, "कॉम्प्रेसर थकलाय साहेब, नवाच घ्या." सौ.चं मत तेच, फक्त दोन वर्षं जुनं.

मी पडलो कॉमर्सवाला. कागद ओढला. खरेदी दहा हजार, दरसाल उरल्या किमतीवर 15 टक्के घसारा. आजची किंमत 388 रुपये! दुरुस्ती चार हजार. "जुन्यावर एवढा खर्च म्हणजे मूर्खपणा!" मी निकाल दिला.

कोपऱ्यातून अण्णांनी विचारलं, "माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन पुढच्याच महिन्यात ना रे?"

माझं पेन थांबलं. या पद्धतीत कितीही वर्षं घसारा काढा, किंमत शून्य कधीच होत नाही, हे परीक्षेत लिहून मी मार्क मिळवले होते.

अण्णाच हसले. "फ्रिज बदल रे. हिशेब तेवढा फ्रिजपुरता ठेव."