अडीच महिन्यांची शांतता

स्टोरेजच्या पडद्यावर व्हॉल्यूम म्हणजे एक ओळ. नाव, आकार आणि कडेला वाचन-लेखनाचे आकडे. त्या शनिवारी रात्री आमच्यासमोर होतं 'टेस्ट_जुना'. दोन टेराबाइट, आणि अडीच महिने सगळे आकडे शून्य. जागा संपत आली होती. शेजारी बसलेला नवा मुलगा म्हणाला, "सर, उडवू का? कुणीच वापरत नाहीये."

आम्ही ते उडवलं नाही. सर्व्हरशी असलेलं मॅपिंग काढलं, व्हॉल्यूम ऑफलाइन केलं आणि महिनाभर तसंच ठेवायचं ठरवलं. अठराव्या दिवशी हिशेब विभागातल्या ताईंचा फोन आला. "अहो, आमची तिमाहीची फाइल उघडत नाहीये." आवाज घाबरलेला. दहा मिनिटांत त्यांची फाइल उघडली. चाचणीसाठी मागून घेतलेल्या जागेत कधीतरी खरं काम सुरू झालं होतं आणि नाव बदलायचं राहून गेलं होतं. त्या बिचाऱ्या तीन महिन्यांतून एकदाच तिकडे फिरकत.

एखादी गोष्ट गप्प आहे म्हणून ती बेवारस ठरवण्याचा हक्क आपल्याला कुणी दिला, हा प्रश्न तेव्हापासून मला सोडत नाही.

यंत्रं आपल्याला थोडी सवड देतात. नेटॅपच्या ऑनटॅप प्रणालीत व्हॉल्यूम आधी ऑफलाइन करावं लागतं, आणि पुसल्यावरही ते मुळात ठरवून दिलेल्या मुदतीप्रमाणे किमान 12 तास परत मिळण्याच्या रांगेत राहतं. पण आपली पुसापुशी शनिवारी रात्रीची. ती मुदत रविवारी दुपारपर्यंत सरते आणि ज्याचं गेलं तो माणूस सोमवारी कामावर येतो.

31 जानेवारी 2017 च्या रात्री गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीत एका अभियंत्याने दुय्यम सर्व्हर समजून मुख्य डेटाबेसची डिरेक्टरी पुसली. क्षणभरात चूक उमगली, तोवर सुमारे 300 जीबीपैकी 4.5 जीबी उरलं होतं. नेहमीचा बॅकअप होतच नव्हता, आणि तो फसल्याच्या ईमेल कुणाला मिळत नव्हत्या. त्याच अभियंत्याने सहा तासांपूर्वी भलत्याच कामासाठी घेतलेला स्नॅपशॉट कामी आला. त्यानंतरचं मात्र कायमचं गेलं. कंपनीने सगळं जाहीर लिहिलं आणि दोष माणसाऐवजी कामाच्या पद्धतीत शोधला. मला त्याचं फार मोल वाटतं.

म्हणून काहीच पुसू नये असं नव्हे. काम संपल्यावरही लोकांची माहिती साठवून ठेवणं हा त्यांच्यावरचा अन्यायच. पुसावं, पण नावावर विसंबू नये. सर्व्हरला दिसणारा अनुक्रमांक स्टोरेजवरच्याशी जुळवावा, बॅकअप एकदा खरोखर उघडून पाहावा, आणि मालकाला विचारावं.

परवा त्या मुलासमोर असंच एक व्हॉल्यूम आलं. नोंदीत मालकाचं नाव नव्हतं. तो खुर्चीवरून उठला आणि दोन मजले उतरून टेबलाटेबलापाशी विचारत गेला, "हे तुमचं आहे का हो?"