शस्त्राचें मन

खंडेनवमीच्या दिवशीं आपल्याकडे घरोघर हत्यारें पुसून पाटावर मांडतात. ज्या घरांत तलवार असे तेथें पूर्वीं तलवार मांडीत. आज बहुतेक घरांत विळी, कोयता, शिवणाची कात्री आणि हल्लीं संगणकसुद्धां. त्यांना गंधफूल वाहतात आणि पुष्कळ ठिकाणीं त्या दिवशीं त्यांच्याकडून काम घेत नाहींत. ज्याला कांहीं कळत नाहीं त्याला विश्रांति कशाला द्यावी, असा प्रश्न त्या वेळीं कोणी विचारीत नाहीं. वर्षांतून एक दिवस तरी आपण असें वागतों कीं, त्या लोखंडाला आपलें वागणें समजतें. पण तें खरोखरच समजूं लागलें, तर त्या हत्यारानें घडलेलें कृत्य कोणाचें मानावयाचें?

हा प्रश्न मला एका खेळामुळें पडला. १९७४ सालीं अमेरिकेंत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनीं ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नांवाचा खेळ प्रसिद्ध केला. त्यांत एक जण सूत्रधार होतो, बाकीचे कोणी योद्धा तर कोणी मांत्रिक अशा भूमिका घेतात, आणि फांसे टाकीत सर्वांनीं मिळून एक कथा पुढें न्यावयाची असते. त्याच्या अगदीं पहिल्या नियमांतच कांहीं तलवारींना बुद्धि, अहंकार आणि स्वतःचें उद्दिष्ट दिलेलें होतें; तलवारीची इच्छा धारकाच्या इच्छेहून प्रबळ ठरली, तर तलवार धारकाला चालवी! आमच्याकडील कांहीं विद्यार्थी या जातीचे खेळ खेळतात. त्यांच्या सूत्रधारानें अशी एक सचेतन तलवार रचावयास घेतली असून तिच्यासाठीं एखादें पौराणिक नांव सुचवावें, अशी त्यानें मला विनंति केली.

नांवांची आपल्याकडे वाण नाहीं. मेहकरांत तर ग्रामदैवताचेंच नांव शस्त्रावरून पडलेलें आहे. शार्ङ्ग हें विष्णूचें धनुष्य. तें धारण करणाऱ्या शार्ङ्गधरानें मेघंकर दैत्याचा वध केला आणि त्या दैत्यावरून गांवाला नांव मिळालें, अशी येथील आख्यायिका आहे. १८८८ सालीं येथें सांपडलेल्या काळ्या पाषाणाच्या त्या भव्य मूर्तीच्या चार हातांत मात्र शंख, चक्र, गदा आणि पद्म आहेत. धनुष्य राहिलें आहे तें नांवांत. आपल्या शिल्पकारांनीं आयुधांना देहही दिले. चक्र पुरुषरूपानें आणि गदा स्त्रीरूपानें देवाच्या पायांशीं उभी राहिलेली गुप्तकाळापासून आढळते. रघुवंशाच्या दहाव्या सर्गांत दशरथाच्या राण्यांचें स्वप्नांत रक्षण करणारे जे वामन आहेत, त्यांच्या अंगावर हींच आयुधचिन्हें आहेत, आणि त्यांत शार्ङ्गही आहे. शांतिपर्वांत भीष्म नकुलाला खड्गाची उत्पत्ति सांगतात, त्या कथेंत खड्ग हें प्रथम यज्ञांतून उठलेलें एक उग्र भूत आहे, मागाहून तें शस्त्र होतें. आणि त्याच्या आठ नांवांत एक नांव ‘धर्मपाल’ असें आहे. हें नांव सूत्रधाराला फार आवडलें. मला तें सर्वांत धोक्याचें वाटतें.

कारण शस्त्रच धर्माचें पालन करणार असेल, तर धारकानें काय करावयाचें? विद्यार्थ्यांच्या टिपणांत ती तलवार दुष्ट कोण हें ओळखते, दुष्ट जवळ येतांच आपण होऊन म्यानाबाहेर पडते आणि वार करते. तिच्या धारकाला फक्त मूठ धरून ठेवावयाची आहे. असला योद्धा हा तलवारीचा हमाल होय. दुसऱ्या टोकाला बालकांडांतील अस्त्रें आहेत. विश्वामित्रानें दिलेलीं तीं अस्त्रें देह धारण करून, हात जोडून रामापुढें उभीं राहतात आणि आज्ञा विचारतात. तीं सुंदर आहेत, नम्र आहेत, पण त्यांना स्वतःचें मत नाहीं. राम चुकला असता, तर तींही निमूटपणें त्याच्याबरोबर चुकलीं असतीं. कालेवाल या फिन्निश महाकाव्यांत, त्याच्या १८४९ च्या आवृत्तींत, कुल्लेर्वो मरावयास निघतो तेव्हां आपल्या तलवारीला विचारतो, अपराध्याचें रक्त पिण्यास तूं राजी आहेस काय? तलवार उत्तर देते त्याचा आशय असा कीं, निरपराध्यांचें रक्त मी प्यालें, मग तुझें कां पिऊं नये? बोलकी तर ती आहेच. शिवाय जें जें प्यालें तें तिच्या स्मरणांत आहे. पण एकदांही ती ‘नाहीं’ म्हणालेली नाहीं.

शस्त्राच्या मनाचा मला ठाऊक असलेला सर्वांत कठोर प्रसंग कर्णपर्वांत आहे. खांडववनाच्या दाहांत अर्जुनानें ज्याची आई मारली तो अश्वसेन नाग कर्णाच्या बाणांत शिरून बसतो. कर्णाला याची वार्ताही नसते. बाण सुटतो, कृष्ण रथ खालीं दाबतो, आणि अर्जुनाच्या कंठाऐवजीं त्याचा किरीट जातो. नाग परत येऊन कर्णाला म्हणतो कीं, मघां तूं मला न पाहतां सोडलेंस. आतां नीट पाहून सोड. शत्रु एक, बाण तयार, आणि बाणाला स्वतःलाच तेथें जाण्याची उत्कंठा! कर्ण नकार देतो. दुसऱ्याच्या बळावर जय मिळविण्याची त्याला इच्छा नाहीं. शंभर अर्जुन मारावयाचे असले तरी तोच बाण तो पुन्हां जोडणार नाहीं. मग नाग एकटाच झेपावतो आणि अर्जुनाच्या बाणांनीं तुकडे होऊन पडतो. हल्लीं कर्णाला संत करून सोडण्याची जी चाल पडली आहे तिच्याशीं मी सहमत नाहीं. द्यूतसभेंत तो काय बोलला तें विसरतां येत नाहीं. पण या एका क्षणीं त्याला जें कळलें तें पुष्कळ सज्जनांना कळत नाहीं. शस्त्राला आपलें स्वतःचें वैर असेल, तर त्यानें मिळणारा जय आपला नसतो, आणि पापांत मात्र आपला वांटा राहतो.

यावर कोणी म्हणेल कीं, मग शस्त्र मुकेंच असलेलें बरें. तसेंही नाहीं. अरण्यकांडांत सीता रामाला एका तपस्व्याची गोष्ट सांगते. इंद्र त्याच्याजवळ एक उत्तम खड्ग ठेव म्हणून ठेवून गेला. ठेव सांभाळावयाची म्हणून तो फळें-मुळें आणावयास जातांनाही तें जवळ बाळगूं लागला, आणि हळूहळू त्याची बुद्धि क्रूर होऊन तो नरकास गेला. त्या खड्गांत कोणी नाग नव्हता, तें एक शब्दही बोललें नाहीं. नुसतें हाताशीं होतें. शस्त्र धारकाचें मन पालटतें तें स्वतःला मन असल्यामुळें नव्हे.

म्हणून सूत्रधाराला मीं सुचविलें कीं, तलवारीला स्मरण दे, बोलणें दे, नकार देण्याची शक्ति दे. पण आपण होऊन वार करण्याची शक्ति देऊं नकोस. आणि तिचा नकारही कधीं चुकूं दे. ती नेहमींच बरोबर ठरली तर धारक पुन्हां विचार करावयाचें सोडील. ‘मग ती दुबळी होईल,’ असें तो म्हणाला. खेळाच्या दृष्टीनें त्याचा आक्षेप खोटा नाहीं. परंतु खेळाबाहेरही हाच वाद चालला आहे. माणसानें न सांगतां लक्ष्य निवडून मारा करणाऱ्या यंत्रांविषयीं २०१४ पासून जिनीव्हा येथें राष्ट्रांच्या प्रतिनिधींच्या बैठकी होत आल्या आहेत, आणि तेथेंही अशा यंत्राच्या कृत्याचा जबाब कोणी द्यावयाचा, हाच प्रश्न पुन्हां पुन्हां उपस्थित होतो. त्या यंत्रांना मन नाहीं, नकार नाहीं; निवड मात्र त्यांच्याकडे सोंपविली जात आहे. धनुष्याच्या टोकाशीं उभ्या असलेल्या माणसाला धनुर्धराचें मन कळो न कळो, धनुर्धर कोण हें तरी त्याला दिसत असे.

त्याच्या टिपणांत आणखी एक गोष्ट नव्हती, ती म्हणजे तलवार धारकाला सोडून केव्हां जाते. गांडीव वरुणाकडून आलें होतें. यादव संपल्यावर द्वारकेच्या स्त्रियांना घेऊन जातांना दस्यूंनीं गांठलें, तेव्हां अर्जुनाला त्याच धनुष्यावर दोरी चढवितांना कष्ट पडले आणि अस्त्रें आठवेनात. तरीही महाप्रस्थानाला निघतांना त्यानें तें सोडलें नव्हतें. रत्नाच्या लोभानें, असें व्यास स्पष्ट म्हणतात. अखेर वाटेंत अग्नि आडवा आला आणि ज्याचें त्याला परत कर म्हणाला. भाऊ शेजारीं उभे होते. त्यांनींही तेंच सांगितलें, तेव्हां अर्जुनानें धनुष्य आणि ते दोन अक्षय भाते पाण्यांत टाकले.