येतो!

मराठी माणूस घराबाहेर पडताना 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. लहानपणी एकदा माझ्या तोंडून 'जातो गं' असं निघून गेलं, तर आजीने मला उंबऱ्यातून परत बोलावलं, पाटावर बसवलं, हातावर साखर ठेवली आणि नव्याने 'येतो' म्हणायला लावून मगच शाळेत धाडलं. त्या भानगडीत पहिला तास बुडाला. तो भूगोलाचा होता. स्वित्झर्लंड मला नकाशावर अजून चटकन सापडत नाही, त्याचं मूळ तिथे आहे.

पण त्या वेळी आजीला कुणी विचारलं असतं की, "बाई, पोराला येतो म्हणायला लावलंत खरं, पण तो येणार याला पुरावा काय?" तर आजीने विचारणाऱ्याला साखरही दिली नसती.

हा प्रश्न खरं तर माझ्याही वाटेला यायला नको होता. मी बँकेतला कारकून. बी.कॉम., दुसरा वर्ग. तत्त्वज्ञानाशी माझा संबंध येतो तो फक्त मार्चअखेरीस, ताळा जुळत नाही तेव्हा. पण यंदा मार्चमध्येच हा प्रश्न माझ्या काउंटरवर आला. तो आणला पालांनी.

पाला म्हणजे तिबेटी भाषेत वडील. मराठीत पाला म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक आहेच. झाडावरून सुटला की वारा नेईल तिकडे जातो तो. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे, नॉर्ग्येलिंग नावाची, १९७२ पासूनची. माझी त्या बाजूच्या शाखेत बदली झाली तेव्हा आमच्या हिने विचारलं होतं, "तिथे मिळतं काय?" भात मिळतो, तलाव मिळतात, आणि विदर्भातल्या पंचेचाळीस डिग्रीत बसून स्वेटरचा हिशेब करणारी माणसं मिळतात, हे मला तेव्हा कुठे माहीत होतं!

हा स्वेटरचा धंदा कॉमर्सच्या कुठल्याही पुस्तकात बसत नाही. ही मंडळी दिवाळीच्या आसपास लुधियानाला जातात. तिथले घाऊक व्यापारी त्यांना गठ्ठेच्या गठ्ठे माल देतात, तोही बहुतेक उधारीवर. मग नागपूरला फुटपाथवर तीन महिने विक्री, आणि मोसम संपला की पैसे परत. वर्षानुवर्षं हे चाललंय. आमच्याकडे पन्नास हजारांचं कर्ज मागायला आलेल्या माणसाला आम्ही दोन जामीनदार, तीन वर्षांची विवरणपत्रं आणि सहा फोटो मागतो, आणि तरीही तो बुडवतो. लुधियानावाले फोटोसुद्धा मागत नाहीत.

तर पालांनी काउंटरवर एक पिवळं पुस्तक ठेवलं. पासपोर्टसारखंच, पण पासपोर्ट नव्हे. ओळखीचा दाखला. तो भारत सरकार देतं, आणि ज्याला देतं तो भारताचा नागरिक नाही हेही त्यातूनच कळतं. पालांचा जन्म १९५७ चा, तिबेटातला. १९५९ मध्ये आईच्या पाठीवर बसून ते हिमालय ओलांडून आले. त्यांची मोठी बहीण चालत आली. पुढे १९६३ मध्ये स्वित्झर्लंडने एक हजार तिबेटी निर्वासितांना घ्यायचं ठरवलं, त्या लाटेत बहीण तिकडे गेली. ती आजवर दोनदा भारतात येऊन गेली. आता तिचे गुडघे गेले. तिने कळवलं, "मी आले, आता तू ये. लवकर ये." सत्तरीला टेकलेल्या माणसाला दुसरं कुणी 'लवकर' म्हणालं की त्याचा अर्थ विचारावा लागत नाही.

पाहुणा म्हणून महिनाभर जायचं. तिकडचा खर्च बहीण करणार. आजारपणाचा निदान तीस हजार युरोंचा विमा लागतो, तोही तिने काढला. अडचण पैशाची नव्हतीच. अडचण होती ती अर्जाचीच.

तो अर्ज मी भरायला घेतला. (माझं अक्षर चांगलं आहे, म्हणून शाखेतले सगळे अर्ज मीच भरतो. पदोन्नतीचा सोडून.) प्रवासाच्या कागदपत्राचा प्रकार कोणता? साधा पासपोर्ट, राजनैतिक, सरकारी, असं करत करत शेवटी 'इतर' अशी एक चौकट येते. पालांची चौकट ती. पुढचा प्रश्न : आपल्या राष्ट्रीयत्वाच्या देशाखेरीज अन्य देशात राहता काय? पाला म्हणाले, "राहतो की. पासष्ट वर्षं झाली." त्याखाली परवान्याचा क्रमांक आणि मुदत.

माझी करमणूक चालली होती, पण एका ठिकाणी ती थांबली. या व्हिसाच्या नकाराचाही छापील नमुना असतो. त्यात कारणं ओळीने छापलेली, आणि प्रत्येकापुढे चौकट. त्यातलं एक कारण असं की, मुदत संपण्यापूर्वी तुम्ही परत जाल याबद्दल आम्हाला वाजवी शंका आहे.

आता, ज्याच्या हातातलं पुस्तकच सांगतं की या माणसाला आपल्या घरी परत जाता येत नाही, त्याने 'मी परत जाईन' याची खात्री द्यायची! परत कुठे, तर जिथे तो पाहुणाच आहे तिथे. त्यासाठीसुद्धा त्या पिवळ्या पुस्तकावर 'भारतात परत येण्यास हरकत नाही' असा शिक्का लागतो. तुम्हाआम्हाला घरी यायला बायकोचीही लेखी हरकत-नाही लागत नाही.

ही गंमत आजची नाही. पहिल्या महायुद्धानंतर लाखो रशियन निर्वासित बिनकागदाचे झाले, तेव्हा नॅन्सेन या नॉर्वेच्या गृहस्थांनी १९२२ मध्ये त्यांच्यासाठी दाखला काढला. हा मूळचा उत्तर ध्रुवाकडे निघालेला शोधक माणूस. जिथे कुणी राहत नाही तिथे जाऊन आलेला. चित्रकार शागाल, लेखक नाबोकोव्ह अशी मंडळी पुढे त्याच दाखल्यावर हिंडली. पण सुरुवातीला त्या दाखल्यावर देशातून बाहेर पडता यायचं, तो देणाऱ्या देशात परत यायचा हक्क मात्र मिळत नसे. ती सोय १९२६ मध्ये सुचली. १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारात तर दाखला देणाऱ्या देशाने माणसाला परत घेतलंच पाहिजे असं कलम आलं. भारताने त्या करारावर सही केलेली नाही. आपला शिक्का आपल्या पद्धतीचा.

तेव्हा मी माझं कॉमर्स बाहेर काढलं. ताळेबंद तारखेपुरता गोरागोमटा दिसावा म्हणून कंपन्या जे करतात त्याला आमच्यात विंडो ड्रेसिंग म्हणतात. माझ्या मेहुण्याने युरोपच्या सहलीआधी सासऱ्यांकडून चार लाख आणून खात्यात झोपवले होते. (सासरे म्हणजे माझे वडील. त्यांनी मला कधी चाळीस हजार दिले नाहीत.) पालांच्या खात्यात त्या दिवशी सहा लाख बारा हजार होते. पैकी पाच लाख तीस हजार लुधियानाचे. मी हळू आवाजात म्हणालो, "पाला, लुधियानाचे पैसे थोडे थांबवा. तीन महिन्यांचा उतारा झकास दिसेल. मे महिन्यात देऊन टाका. ते काही म्हणणार नाहीत."

"म्हणणार नाहीत," पाला म्हणाले. मग पिवळं पुस्तक उचलून खिशात ठेवलं. "पण साहेब, मी परत येतो हे दाखवायला मी परत द्यायचं थांबवू?"

आणि त्यांनी पाच लाख तीस हजारांची स्लिप पुढे सरकवली. उरले ब्याऐंशी हजार.

मी ओशाळलो, आणि ओशाळलेला माणूस चिडतो तसा त्या नमुन्यावर चिडलो. म्हटलं, "घर आहे का, जमीन आहे का, नोकरी आहे का, हेच बघणार. दावणीला बांधलेलं जनावर संध्याकाळी गोठ्यात सापडतं, त्याला काय परत आलं म्हणायचं? परत येणारा तो, जो सुटा असून येतो! तुमच्यावर शंका घेतात म्हणजे काय?"

पाला हसले. म्हणाले, "त्यांचंही खरं आहे, साहेब. माझी आई निघताना शेजारणीकडे याक सोडून आली होती. महिनाभरात येते म्हणाली होती."

यावर काय बोलायचं ते मला सुचेना. पुढे पेन्शनवाल्या आजी उभ्या होत्या, त्यांना टोकन दिलं.

दुपारी मी बँकेच्या कागदावर दाखल्याचा मसुदा केला : 'हे खातेदार दरवर्षी लाखो रुपयांच्या मालाची उधारी नेतात आणि दर मार्चमध्ये चुकती करतात. आमच्या मते हे परत येतील.' मॅनेजरसाहेबांनी शेवटचं वाक्य खोडलं. बँकेला मत नसतं. त्याआधीचंही खोडलं. खाली मात्र आपलं नेहमीचं घातलं : बँकेवर अगर तिच्या अधिकाऱ्यांवर कोणतीही जबाबदारी न येता. माणूस चांगला आहे, दोन वर्षांनी निवृत्त व्हायचाय. मीही त्यांच्या जागी हेच केलं असतं, आणि तेच मला त्या दिवशी जेवण होईपर्यंत टोचत होतं.

मग मी पालांना विचारलं, तीन महिन्यांऐवजी दहा वर्षांचा उतारा काढू का? कुणी मागितलेला नाही, वाचतील याची हमी नाही. पण त्यात दर मार्चला पैसे लुधियानाला गेलेले दिसतील. २०२१ मध्ये नाहीत. त्या हिवाळ्यात करोनामुळे बाजार बसला होता. ते २०२२ च्या मार्चमध्ये दोन्ही वर्षांचे एकदम गेलेत.

"काढा," पाला म्हणाले. "पान किती रुपये?"

प्रिंटरची रिबन फिकट होती. मार्चच्या ओळी तेवढ्या मी पेन्सिलीने हलक्या खुणावल्या. बँकेच्या कागदावर खूण करता येत नाही, पण पेन्सिल पुसता येते. चौऱ्याऐंशी पानं झाली. पालांनी पैसे मोजून दिले, पावती मागून घेतली, गठ्ठा स्वेटर बांधतात तसा आडवाउभा सुतळीने बांधला, आणि अर्जाची तारीख होती त्या गावी जाण्यासाठी गाडीची वेळ विचारायला स्टँडवर गेले.