तू काय ऐकतोस, आणि का?



मागे एका पावसाळ्यात युवक-युवतींच्या मेळाव्याची जबाबदारी आमच्याकडे आली होती. पाऊस मुसळधार, हॉलमधली वीज गेलेली आणि मुंबईहून यायचे ते वक्ते लोकलमध्ये अडकलेले. वेळ काढायचा म्हणून आम्ही एक खेळ सुचवला. सध्या तुम्ही कोणते गाणे पुन्हा पुन्हा ऐकता ते प्रत्येकाने उभे राहून सांगायचे, आणि ते का ऐकता तेही सांगायचे.

पहिल्या दोघा-तिघांनी सिनेमातली गाणी सांगितली. ‘का?’ म्हटल्यावर ‘असंच’, ‘बीट चांगला आहे’. मग एक मुलगा उठला. त्याने मिस्साच्या प्रवेशाला आपण गातो त्यातले एक गीत सांगितले आणि म्हणाला, ‘त्यामुळे मनाला शांती मिळते.’ आम्ही मोठ्याने शाबास म्हटले, टाळ्या वाजल्या. त्याच्यानंतर उठलेल्या पाचही जणांनी भक्तिगीतेच सांगितली. आम्हाला आनंद झाला. त्याच वेळी शंका यायला हवी होती, ती आली नाही.

मेळावा संपल्यावर तो मुलगा खुर्च्या रचायला मागे थांबला. खुर्चीवर खुर्ची ठेवता ठेवता म्हणाला, ‘काका, मी मघाशी खोटं बोललो.’ तो ऐकतो ते किशोरकुमारचे एक जुने गाणे. लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत तो वडिलांबरोबर पहाटे भाजीच्या टेम्पोतून दादरला जायचा. टेपवर एकच कॅसेट आणि वडील स्टिअरिंगवर बोटांनी ठेका धरायचे. पुढे वडिलांना दारू लागली. आता दोन वर्षे बापलेकांत बोलणे नाही. ‘ते गाणं लावलं की मला माझे पहिले डॅडी आठवतात,’ तो म्हणाला. ‘हे सगळ्यांसमोर कसं सांगू?’ (हे आम्ही त्याच्या परवानगीने, ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून लिहीत आहोत.)

त्या दिवसापासून एक प्रश्न आमच्या मनात घर करून आहे. ‘तू काय ऐकतोस?’ हा प्रश्न आपण सहज विचारतो आणि त्याचे उत्तरही सहज मिळते. मोबाइलवरच्या स्टेटसला गाणे लावले की काम झाले. पण ‘का?’ विचारले की समोरच्याच्या घराचे दार ढकलल्यासारखे होते. आत कोण आजारी आहे, कोण रडते आहे, आपल्याला ठाऊक नसते. मग हा प्रश्न विचारण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला? आणि कुणीच कुणाला विचारले नाही, तर एका बाकावर बसूनही आपण एकमेकांना ओळखणार कसे?

सकाळच्या विरार लोकलचे डबे आठवा. भजनी मंडळे टाळ घेऊन चढायची, अजूनही काही गाड्यांतून चढतात. त्यांचे गाणे सगळ्या डब्याला ऐकावेच लागे. कुणी ठेका धरी, तर रात्रपाळी करून आलेला एखादा कपाळाला आठ्या घाली. आज बहुतेकांच्या कानात इअरफोन असतात. खांद्याला खांदा लागलेला, पण शेजारच्याच्या कानात काय चालले आहे याचा पत्ता नाही. सोनी कंपनीने १९७९ साली पहिला वॉकमन काढला तेव्हा त्याला दोन हेडफोन लावायची सोय होती. एकट्यानेच संगीत ऐकत बसणे लोकांना असभ्य वाटेल, अशी कंपनीचे एक संस्थापक अकिओ मोरिता यांना भीती वाटत होती. लोकांना तसे काही वाटले नाही. पुढच्या मॉडेलांतून ती दुसरी खाच निघून गेली. आम्ही काही इअरफोनच्या विरोधात नाही. रात्रपाळी करून आलेल्याला विचारा, तो दुवा देईल. पण दोन खाचांचे ते यंत्र आम्हाला अधूनमधून आठवते खरे.

या प्रश्नावर आम्हाला वाट दाखवली ती संत ऑगस्टीनने. आपण काय ऐकतो आणि का, हे त्याने सोळाशे वर्षांपूर्वी आपल्या ‘कन्फेशन्स’मध्ये लिहून ठेवले आहे, आणि तेही शाबासकी मिळावी म्हणून नव्हे. मिलान शहरात सम्राटाची आई जस्टिना बिशप अँब्रोजच्या मागे लागली होती, तेव्हा भाविक रात्री जागून चर्चमध्ये थांबत. ते थकून, खचून जाऊ नयेत म्हणून तिथे पूर्वेकडच्या रीतीने स्तोत्रे व गीते गायला सुरुवात झाली. ऑगस्टीनची आई मोनिका त्या जागरणात होती. साधारण वर्षभराने, ३८७ साली, ऑगस्टीनचा बाप्तिस्मा झाला आणि तीच गीते ऐकून आपण किती रडलो हे तो सांगतो.

इथवर सगळे आपल्या मेळाव्यातल्यासारखेच. पण तो पुढे एक अवघड गोष्ट कबूल करतो. कधीकधी गीतातल्या आशयापेक्षा गळाच आपल्याला अधिक हलवतो आणि ते आपल्याला पाप वाटते. अशा वेळी गाणे ऐकलेच नसते तर बरे, असेही त्याला वाटते. लगेच त्याला आपले जुने अश्रू आठवतात आणि गाणे असावेच, असे वाटू लागते. एका बाजूला पडत नाही बिचारा. एवढा मोठा धर्मपंडित, पण वाचकांनाच म्हणतो, माझ्याबरोबर रडा आणि माझ्यासाठी रडा.

त्याहून जवळची गोष्ट मोनिकाच्या मृत्यूची आहे. ती ओस्तिया बंदरात वारली तेव्हा एका मित्राने स्तोत्र सुरू केले आणि सगळ्या घराने साथ दिली. ऑगस्टीनने डोळ्यांतून पाणी येऊ दिले नाही. दफन झाले, तो झोपला, उठला. अंथरुणात एकटा पडलेला असताना अँब्रोजच्या गीताच्या ओळी त्याला आठवल्या आणि मग मात्र बांध फुटला. लोक हसतील हे त्याला ठाऊक होते, तरी त्याने लिहिले. विचारणाऱ्याने आधी स्वतःचे सांगावे, एवढे आम्ही त्याच्याकडून घेतले. आम्ही मुलांना विचारले, पण स्वतःचे सांगितले नव्हते. म्हणून त्या खेळाची परीक्षा झाली, आणि परीक्षेत मुले परीक्षकाला आवडेल तेच लिहितात.

काही वडीलधारी मंडळी म्हणतील, उद्या सगळे चालेल म्हणाल. तसे नाही. मिस्सामध्ये काय गावे हा कुणाच्या आवडीचा प्रश्न नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेवरच्या दस्तऐवजात पवित्र संगीताला एक वेगळे प्रकरणच दिले आहे. घरी ऐकण्याचेही सगळेच निर्दोष नसते. स्त्रीला वस्तू समजणारी किंवा एखाद्या समाजाला हिणवणारी गाणी लग्नाच्या वरातीत आपणही वाजवतो आणि वर म्हणतो, शब्दांकडे कोण लक्ष देतो! संत ऑगस्टीनला निदान शब्द निसटल्याची टोचणी होती. अशा गाण्यांविषयी मुलांशी भांडावे. पण त्यांचे ‘का’ ऐकून घेतल्यावर भांडावे.

आणि न सांगण्याचाही हक्क असावा. बाबेलच्या नद्यांकाठच्या बंदिवानांना त्यांना पकडून नेणाऱ्यांनीच सियोनची गाणी गायला सांगितले, तेव्हा त्यांनी वीणा झाडांना टांगून ठेवल्या. करमणूक म्हणून कुणी मागितले तर गाणे देऊ नये, हे १३७ वे स्तोत्र वाचताना आमच्या ध्यानात येते. तो मुलगा हॉलमध्ये गप्प बसला असता तर ते योग्यच ठरले असते. त्याला गप्प बसता आले नाही, कारण आम्ही रांगेने उठवत होतो.

आता एक गोष्ट सांगायची राहिली. खुर्च्या रचून झाल्यावर त्याने आम्हाला विचारले, ‘आणि तुम्ही काय ऐकता, काका?’ आम्ही म्हणालो, ‘गायकवृंदाच्या सरावाची रेकॉर्डिंग.’ ते खोटे नव्हते, खरेही नव्हते. म्हणून आज इथे सांगतो.

आम्ही रोज सकाळी पंडित भीमसेन जोशींच्या आवाजातला एकनाथांचा अभंग ऐकतो, पंढरीला माहेर म्हणणारा. तुमच्यापैकी कुणाकुणाला हे ऐकून बरे वाटणार नाही. इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही, हे १९६५ सालच्या ‘नोस्त्रा एताते’मध्ये आहे आणि त्याचा आधार आम्ही घेऊ शकतो. पण आम्ही अभंग लावतो ते काही दस्तऐवज वाचून नव्हे.

आमची आई शेवटची आठ महिने अंथरुणाला खिळून होती. शेजारच्या घरात पहाटे रेडिओवर भक्तिगीते लागत. तिचे माहेरचे कुणी उरले नव्हते, घरही विकले गेले होते. रोझरी तिच्या हातात असे आणि तो अभंग लागला की मणी थांबत. पंढरपूर तिने कधी पाहिले नव्हते. एकदा थंडी फार म्हणून आम्ही खिडकी लावायला गेलो, तर म्हणाली, ‘राहू दे रे, गाणं संपल्यावर लाव.’